पाती, टोळ आणि एकटा मुंगळा

२ जुलै, रात्री

आज पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदण होतं. मीही बायकांसोबत एक पात धरली. कोणी कोणाला 'चल' म्हणत नाही, तरी ओळ बरोबर पुढं सरकते. एखादी मागं पडली की शेजारणीचा विळा आपसूक हळू होतो, कारण गोष्ट अर्धी राहिलेली असते. आणि एखादी तरातरा पुढं निघाली की सगळ्यांचे हात पळायला लागतात. या ओळीला मुकादम नसतो.

दुपारी धुऱ्यावर डबा खाताना टोळांची आठवण निघाली. २०२० च्या मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, अमरावतीकडच्या मोर्शी-वरुड पट्ट्यात ते उतरले होते. संत्र्याच्या बागांवर सांज झाली की बसायचे, ऊन तापलं की उठायचे. आम्ही थाळ्या, टिनाचे डबे बडवत फिरलो. फवारणी रात्री आणि पहाटे, कारण तेव्हाच ते एका जागी बसून असतात. मामाजी तेव्हा म्हणाले होते, "यायचा कोनी म्होरक्या असन, त्याले मारा न आधी!"

म्होरक्या नसतोच. उडणारी धाड बहुतेक वाऱ्याच्या दिशेनं जाते. खरी गंमत पंख न फुटलेल्या पिल्लांची आहे. २००६ साली संशोधकांनी ती गोल रिंगणात सोडून पाहिली. थोडी असताना जो तो आपल्या मर्जीनं हिंडत होता. संख्या वाढली तसे गट बनू लागले, पण दिशा मधूनच पालटायची. तीसेकांच्या वर गेली आणि सगळी एकाच अंगानं फिरायला लागली. हुकूम कोणाचाच नाही, नुसती दाटी.

आणि ही दाटी चालती ठेवते कोण? तर मागचा! वाळवंटी टोळ एकमेकांना खातात. मागून कोणी चावा घेईल म्हणून पुढचा पाय उचलतो. २००८ च्या प्रयोगात काही पिल्लांच्या पोटाकडची नस कापली, म्हणजे मागचा स्पर्श कळू नये. ती कमी चालली आणि जास्त खाल्ली गेली. मला हे वाचून टोळांचा राग थोडा कमी झाला. संत्र्याचा नाही.

तोच टोळ एकटा असेल तर लाजरा, दुसऱ्यापासून दूर पळणारा, बहुधा रात्रीच उडणारा. एकटा टोळ आणि धाडीतला टोळ ही एकाच किड्याची दोन रूपं आहेत, हे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ सालीच मांडलं होतं. चारा आटला की उरलेल्या हिरव्या तुकड्यावर गर्दी होते, मागच्या पायांना सारखे धक्के बसतात, अंगात सिरोटोनिन नावाचं रसायन वाढतं आणि काही तासांत स्वभाव फिरतो. रंग बदलायला मात्र वेळ लागतो.

आमच्या पातीत चावायची भीती नाही, हे बरं आहे.

संध्याकाळी ओट्यावर मुंगळ्यांची रांग लागली होती. येणारा आणि जाणारा दोघंही थबकून मिशांना मिशा लावतात, मग पुढं. त्यांच्याच जातकुळीतल्या मुंग्यांवरचं २०१५ सालचं काम मला टोळांपेक्षा जास्त छळतं. एकटी ठेवलेली मुंगी साधारण सहा दिवस जगली. दहा जणींतली साठ-पासष्ट दिवस. एकटी नुसती चालत राहते, थांबतच नाही. खाते, पण खाल्लेलं पोटाच्या पिशवीत तसंच राहतं, पुढं सरकत नाही.

मामाजींना सांगितलं. ते म्हणाले, "एकट्याले जेवन पचत नाही हे पाहाले प्रयोग कायले लागते वो?" आणि पानाचा डबा उघडून बसले.

पोरानं मात्र लगेच काडेपेटी रिकामी करून एक मुंगळा कोंडला, किती दिवस जगतो ते पाहायला. मी म्हटलं, कोंडायचाच असेल तर दोन कोंड, जोडीनं ठेवलेल्या मुंग्याही एकटीपेक्षा जास्त जगल्या होत्या. तर म्हणतो, मग प्रयोग काय राहिला? पोराचं म्हणणं चूक नव्हतं. तरी सोडायला लावला. सांडलेल्या काड्या अजून चुलीपाशी पडल्यात, वेचायच्या आहेत.