कोण पाहिजे?

डॉकयार्ड रोडला उतरून दुपारी माझगावात उगाच भटकत होतो. माथारपाखाडीत एका घराचा बाहेरून चढलेला लाकडी जिना बघत जरा रेंगाळलो, तर वरून एका आजींनी हटकलंच, "कोण पाहिजे?"

कोणीच नको होतं. पण तसं सांगायची सोय नाही. "असंच बघतोय" म्हटलं की माणूस बिल्डरचा ठरतो. चर्चचा रस्ता विचारल्यासारखं करून मी काढता पाय घेतला.

गेटवेला हे कोणी विचारत नाही. 1924 साली ते खुलं झालं तेव्हापासून सगळा मुलूख तिथे येतोय. तिथला प्रश्न एकच, फोटो काढायचा का? पाहुणे आले की मीही त्यांना रीतसर नेऊन आणतो.

मी मुंबई पाहिली ती लग्नपत्रिका वाटताना. कांदेवाडीतून पत्रिकांचा गठ्ठा आला की आई कोपऱ्यांना हळदकुंकू लावायची आणि बाबा याद्या करायचे. मध्य रेल्वेचा एक रविवार, पश्चिमचा दुसरा. पिशवी धरायला मी. नायगावच्या बीडीडी चाळीत शिरलो की पहिल्याच दारातून विचारणा व्हायची, "कोणाकडे?" बाबांनी आडनाव सांगायचा अवकाश, की दुसरा माळा, शेवटून तिसरी खोली, मुलगी कुठे दिली, आत्ता ते बाजारात गेलेत, सगळं कळायचं. मग शेजारी बसवून घ्यायचे. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, त्यात आठ माणसं, वर आम्ही दोघं. तरी सरबत यायचंच. तिसऱ्या घरानंतर मला लिंबाचा वासही सोसायचा नाही, पण "नको" म्हटलं तर बाबा डोळे वटारायचे. माळ्यावरचा सामायिक नळ, गॅलरीत वाळणारे पापड, कोणाच्या तरी रेडिओवरची मॅच, हे सगळं त्या पत्रिकेच्या जोरावर फुकटात बघायला मिळायचं. हातात पत्रिका असली की कुठल्याही वाडीत, कुठल्याही माळ्यावर जायला मुभा.

असो. माझगावात पुढे काका बॅप्टिस्टांच्या बागेत चढलो. टिळकांचे हे सहकारी 1925 साली मुंबईचे महापौर होते. वर बाग, पोटात पाण्याची टाकी, आणि कठड्यापाशी उभं राहिलं की खाली हार्बरची गाडी आणि पलीकडे गोदीतल्या क्रेन. बाकांवरचे म्हातारे कोणाला काही विचारत नाहीत, त्यांचं त्यांचं चाललेलं असतं. तिथून नवाब टँक रोडवरच्या चिनी देवळात गेलो. 1919 सालचं, कँटनकडून आलेल्या दर्यावर्दी लोकांचं. तिथे उलट आपणच विचारायचं असतं, डबा हलवून पडलेल्या काडीला. मी काही विचारलं नाही. उत्तर वाईट निघालं तर उगाच घोर.

पुतण्याचं लग्न ठरलंय. त्याला म्हटलं, शंभरेक पत्रिका छापून घे, मी वाटतो. "काका, पीडीएफ फिरवलीय की!" म्हणाला. तरी बघू, त्याच्या आईला मधे घालतो. नायगावच्या बऱ्याच पत्त्यांवर आता टॉवर येताहेत. तिथे वॉचमन "कोणाकडे?" विचारेल, वही पुढे करेल आणि वर फोन लावेल. लावू दे. पत्रिका मी त्याच्या हातात द्यायचा नाही.