पाच तारांची शेगडी

गेल्या महिन्यात घर बदललं. जर्मनीत भाड्याच्या घरात बरेचदा शेगडीसुद्धा आपली आपणच आणायची असते. विजेची शेगडी तीन फेजवर, ४०० व्होल्टवर चालते, म्हणून ती जोडायला इलेक्ट्रिशियन बोलवावा लागतो. सकाळी साडेसातला दोघं आले. एक पन्नाशीचा, दुसरा अठरा वर्षांचा, शिकाऊ, दुसऱ्या वर्षाचा. मोठा दारापाशी उभा राहिला. काम पोरानंच केलं.

मी इथे डॉक्टर आहे; हॉस्पिटलच्या नाइट ड्यूटीवरून नुकतीच आले होते, तरी बघत राहिले. पोरानं आधी फ्यूज पाडले आणि कुणी चुकून वर करू नये म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली. मग टेस्टर आधी एका चालू सॉकेटमध्ये लावून पाहिला, मग शेगडीच्या जोडणीच्या डब्यात, मग पुन्हा त्याच चालू सॉकेटमध्ये. "पुन्हा कशाला?" मी विचारलं. म्हणाला, "मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर?" त्यानंतरच त्यानं तपकिरी, काळी, करडी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा पाच तारा एकेक करून बसवल्या आणि प्रत्येक तार ओढून पाहिली.

त्याच रात्री मी एका पेशंटला रक्त चढवलं होतं. लॅबमधून गट तपासून आलेला असला तरी इथे पलंगापाशी तो पुन्हा तपासावाच लागतो. त्या पोराला बघताना मला तेच आठवत होतं. तो दर आठवड्याला काय शिकला ते वहीत लिहितो आणि सही घेतो. मीही माझी लॉगबुक भरते आणि सही घेते. तो साडेतीन वर्षांत कारागीर होईल. मी बडोद्यात साडेपाच वर्षं एमबीबीएस केलं, मग भाषा, मग इथल्या परीक्षा, आणि आता मेडिसिनमध्ये स्पेशालिस्ट होण्याची पाच वर्षं चालू आहेत. चौतिसाव्या वर्षीही मी शिकाऊच आहे.

हे लिहायचं कारण माझा भाचा. मेडिकलच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा दिली, मार्क पुन्हा कमी पडले. परवा फोनवर हळूच म्हणाला, "आत्या, मला इलेक्ट्रिशियनचं शिकायचंय." मागून दादाचा आवाज आला, "बारावी सायन्स करून वायरमन व्हायचं?" वहिनी काहीच बोलल्या नाहीत.

दादाचा राग मला कळतो. आमच्या घरात आजोबांपासून शिक्षण म्हणजे वर यायचा एकच रस्ता होता. पण आम्ही बडोद्याच्या दांडियाबाजारातली माणसं. लहानपणी कलाभवनावरून किती वेळा गेलो असू! सयाजीरावांनी ते १८९० मध्ये काढलं आणि प्राध्यापक गज्जरांच्या हाती दिलं. तिथे रंगाई, विणकाम, यंत्रकाम शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. ज्या महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियाला शिकायला शिष्यवृत्ती दिली, त्यांनीच हे हुन्नराचं घरही बांधलं. त्यांनी दोन्हींची सोय केली होती. एक वरचं आणि एक खालचं असं आपण नंतर ठरवलं.

इथे आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे काम करत करत हुन्नर शिकायच्या प्रशिक्षणात, पोरं आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि बाकीचे दिवस कामावर असतात, आणि पहिल्या महिन्यापासून पगार मिळतो. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी महिना किमान ६८२ युरो. पुढे 'माइस्टर'ची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षा पास झाली की ती पातळी बॅचलर पदवीइतकी धरली जाते, विद्यापीठाचं दारही उघडतं. मला पगारापेक्षा हा जिना महत्त्वाचा वाटतो. आणि तो आपल्याकडेही आहे! आयटीआयची दोन वर्षं केली की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फक्त घरात हे कुणी सांगत नाही.

इथलं सगळंच बरं आहे असंही नाही. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, दहाव्या वर्षी, अभ्यासातल्या प्रगतीनुसार मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, आणि ते मला आजही पटत नाही. त्या पन्नाशीच्या माणसाला गुडघे टेकून बसता येत नव्हतं, म्हणूनच तो उभा होता. आणि परदेशातून येणाऱ्याला जर्मन नीट यायलाच हवं, नाहीतर शाळेत पहिल्याच आठवड्यात हाल होतात.

मला माझ्या वर्षांचा पश्चात्ताप नाही. पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावला की मला अजूनही आनंद होतो, म्हणून एवढी वर्षं निभावली. भाच्याला मी एवढंच विचारलं, "डॉक्टरांचं नेमकं कुठलं काम तुला करावंसं वाटतं?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, मला फक्त पास व्हायचं होतं."

दादाशी तासभर बोलले. आयटीआय किंवा जर्मनी यावर तो अजून तयार नाही. पण मकरपुऱ्यात त्याच्या मित्राचं मोटर रिवाइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे पंधरा दिवस जाऊ द्यायला कबूल झाला.

काल रात्री भाच्याचा फोटो आला. टेबलावर उघडी मोटर, शेजारी जळक्या तांब्याच्या तारेचा ढीग, आणि कोपऱ्यात त्याची काळी झालेली बोटं. खाली लिहिलं होतं : "आज नुसती जुनी तार काढली. छत्तीस खाचा आहेत, दोनदा मोजल्या."