बैलं कोनं घेतले?

रात्रीचे साडेअकरा. कूलर नुसता गरम वारा फेकतोय अन् झोप येत नाही.

नवतप्याच्या उन्हात आईला घेऊन नागपूरला जायची बुद्धी मलाच झाली. सिंदीहून सकाळची पॅसेंजर. तिच्या पदराच्या गाठीत कांदा, डब्यात तिखट पुऱ्या. अजनीला उतरून ऑटोनं महाल, भोसल्यांचा वाडा. वाडा म्हणजे दरवाजाच. आत जाणं काही जमलं नाही. जुना राजवाडा तर 1864 च्या आगीतच गेला, नगारखाना तेवढा उरला. आई सावली पाहून पायरीवर टेकली आणि मला उगाच मास्तरकी सुचली.

तिसरे रघुजी 1853 ला वारले, वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्य खालसा केलं, राण्यांचे दागिने कलकत्त्याला गेले, अन् हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात निघाले. मातीमोल भावानं.

दागिन्यांवर आई काही बोलली नाही. हत्तींवरही नाही. म्हणाली, "अन् बैलं कोनं घेतले?"

"काय माहीत," म्हटलं आणि पिशवीत पाण्याची बाटली शोधत बसलो. बाटली हातातच होती.

मी आमचे बैल बाजारात विकायला नेले त्या सकाळी ती गोठ्याकडे फिरकली नव्हती. भाकरी थापत राहिली, लागत होत्या त्यापेक्षा चार जास्त. दोन शिव्या दिल्या असत्या तर मोकळा झालो असतो. कडब्याचा भाव, दादाचे फोन, सोसायटीचा हप्ता... जाऊ दे. हिशेब माझा बरोबरच आहे. रात्री तीनदा मांडला, तीनदा बरोबर आला. घर मी ओढायचं आणि घरातला डलहौसीही मीच.

कदाचित तिनं साधंच विचारलं असेल. जन्म वावरात गेला, बैलांचंच विचारणार.

पण डलहौसीला निदान लिलावानंतर त्याच पॅसेंजरमध्ये आईसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागलं नाही.

बुटीबोरी गेल्यावर ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "घुंगरमाळा नाई ना देल्ल्या संगं?"

"नाही. माळ्यावर आहेत."

"मंग तान्ह्या पोळ्याले पोराच्या लाकडी नंदीले बांधू."

तान्हा पोळा दुसऱ्या रघुजींनी सुरू केला म्हणतात, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक दिवसाला तेवढा इतिहास पुष्कळ झाला होता. म्हटलं, "आई, नंदी वीतभर, माळ हातभराच्या वर. लोळंल ना ती."

"दोन वेढे देजो," म्हणे.