तागाताचा १५ मार्च

१५ मार्च, कोमाकी, आइची प्रांत, जपान.

वार कुठलाही असो, तागाता देवळाची होनेन मात्सुरी आजच्याच तारखेला. मात्सुरी म्हणजे जत्रा, होनेन म्हणजे भरघोस पिकाचं साल. एरवी हे देऊळ शांत असतं. आज तागाता-जिंजा-माए स्थानकापासूनच मुंगीच्या पावलांनी चालावं लागतं.

आधी हात धुवायचे. पळी उजव्या हातात धरून डावा हात, मग हात बदलून उजवा. डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. पळीला तोंड लावायचं नाही, नवखे नेमके इथेच चुकतात. शेवटी पळी उभी करून उरलेल्या पाण्याने दांडा धुवायचा. पेटीत पाच येनचं नाणं टाकतात, कारण ‘गोएन’ म्हणजे पाच येनही आणि ऋणानुबंधही. नाण्यावर वाकलेली भाताची लोंबी आहे. या देवळाला याहून शोभणारं नाणं नाही. मग दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एक नमस्कार.

मिरवणुकीतलं लाकडी लिंग पाहून मराठी माणसाला शिवलिंग आठवतंच. पण हा इथला देव नव्हे, तामाहिमे देवीला वाहायची वस्तू आहे. म्हणून दरवर्षी नवं कोरतात. एकदा वाहिलेला नारळ आपण पुन्हा वाहत नाही, तसंच काहीसं. हिनोकीचं (जपानी सायप्रसचं) लाकूड, व्यास ६० सेंमी, लांबी दोन मीटरहून जास्त. खांदेकरी ४२ वर्षांचे पुरुष: हे वय अशुभ, कारण चार आणि दोन हे आकडे जोडून उच्चारले की ‘मरण’ ऐकू येतं. पालखी कुमानोशा किंवा शिन्मेइशा या देवळांतून आलटूनपालटून निघते. पुढे रस्त्यावर मीठ टाकत जातात. वाटेत साके (तांदळाची दारू) फुकट मिळते, उपाशीपोटी नको.

चारच्या सुमारास मोची, म्हणजे कांडलेल्या भाताचे गोळे, उधळतात. नाव मऊ, पण हे गोळे वाळून दगड होतात. चश्मा काढून ठेवा, मुलांना पुढे नेऊ नका. खाली पडलेली मोची उचलायला वाकलात तर बोटं तुडवलीच जाणार. वरच्या वर झेलायची, नाहीतर सोडून द्यायची.

स्त्रीरूपाची जोडजत्रा ओआगाता देवळात, पुढच्याच गाकुदेन स्थानकावर. ती मात्र रविवारी असते, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी धरून आलेले बरेच जण फसतात. तरी जावं, मार्चात तिथली उमेची (जपानी आलुबुखाराची) झाडं फुललेली असतात.