गाडीत पाल बोलते

आमच्या गाडीत पाल आहे, असं आई म्हणायची. चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकापाशी कुठेतरी टिक-टिक-टिक असं चार-पाच वेळा वाजायचं आणि थांबायचं. मग वडील सेल मारायचे. घरातल्या भिंतीवरची पाल चुकचुकली की आई जमिनीवर बोटं आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणे, पण या पालीला तिची हरकत नव्हती. ही बोलली की गाडी सुरू व्हायची.

गाडी म्हणजे एमजीबी, १९६५ची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीट, वर कापडी छप्पर. वडिलांनी १९८९ साली पुण्यातल्या एका पारशी गृहस्थांकडून ती आणली तेव्हा साताऱ्यातल्या अख्ख्या शाहूपुरीनं त्यांना वेड्यात काढलं. चार माणसं बसत नाहीत ती कसली गाडी? १७९८ सीसीचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, आणि आईची पाल म्हणजे एसयूचाच विजेवर चालणारा फ्युएल पंप, टाकीतलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे पाठवणारा. पद्मिनीला हा पंप इंजिनाच्या अंगावर असतो आणि इंजिन फिरलं की चालतो. एमजीबीचा मागे, मागच्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली. चिखल, पाणी, खडी सगळं झेलत.

गेल्या मे महिन्यात यवतेश्वरच्या घाटात गाडी बंद पडली. समर्थ मंदिर मागे टाकून निम्मा घाट चढलो असेन. आधी इंजिननं दोन गचके दिले, मग ओढ गेली, मग काहीच नाही. घरी फोन केला, "पंप बंद पडलाय." ही म्हणाली, "मग दुसऱ्या पंपावर भरा की!" तिची काही चूक नाही, साताऱ्यात पंप म्हणजे पेट्रोल भरायचा नाहीतर विहिरीवरचा.

वीस मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली. घसरत घसरत खाली आलो.

आमचे मेकॅनिक म्हणजे गोडोलीतले मामा. पद्मिनी आणि अँबेसिडरवर त्यांची हयात गेलेली. त्यांनी बॉनेटसुद्धा न उघडता निदान सांगितलं, "पेट्रोल उकळतंय. ओलं फडकं टाका पंपावर." खंबाटकीत पद्मिनीवाले हेच करायचे. इंजिनाच्या उष्णतेनं पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची, ओल्या फडक्यानं ती निवायची. पण माझा पंप इंजिनापासून चांगलाच लांब, गाडीच्या मागच्या टोकाकडे. तरी मामांचा मान राखून मी फडकं आणि पाण्याची बाटली घेऊन पुन्हा घाटात गेलो. त्याच वळणाच्या आसपास तेच.

या वेळी मात्र एक गोष्ट लक्षात आली. चावी फिरवली तर पाल गप्प होती. गाडीखाली हात घालून पंपाला टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांडक्यानं, हलकेच टिचकी मारली, आणि टिक-टिक-टिक! एमजीबीवाल्यांना हा इलाज पाठ असतो आणि तो लागू पडला की माणूस पुढे विचार करायचं सोडतो. मीही सोडला.

पंप काढून घरी उघडला. त्याच्या मागच्या टोपीखाली पॉइंट, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी टोकं असतात, डिस्ट्रिब्युटरमधल्यासारखेच, पण लहान. ते काळेकुट्ट झाले होते. बारीक पॉलिश पेपरनं घासले, पुसले, बसवले. मामा म्हणाले, "झालं की ओ, एवढंच हुतं." बारा दिवस झालं होतं. तेराव्या दिवशी पुन्हा घाटात टॉमी.

मग मी वायरींकडे वळलो. इथे एक गंमत सांगायला हवी. १९६७ पर्यंतच्या एमजीबीला बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सगळ्या गाड्यांच्या उलट. त्यामुळे मल्टीमीटर लावला की आकड्याआधी उण्याची खूण येते आणि शेजारचा ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, "साहेब, तुमची वायर उलटी आहे." हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. त्यातल्या एकानं ती सुलट करून द्यायचीही तयारी दाखवली होती.

बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, आणि पंप चालू असताना पंपाच्या टोकाला जेमतेम दहा. पांढरी वायर जिथे टोपणाच्या जोडात शिरते तिथे हिरवी बुरशी धरली होती, आणि पंपाची अर्थिंग रंगावरच कसलेली होती. दोन्ही नीट केलं. बाराच्या वर व्होल्ट आले, पाल ठणठणीत बोलायला लागली. हा दोष खरा होता, तो काढलाच पाहिजे होता. पण घाटातला दोष हा नव्हता. जुन्या गाडीत हीच पंचाईत असते. शोधायला जावं तर चार दोष सापडतात, आणि चारही खरे असतात.

तेव्हा मी काम थांबवलं आणि पंप चालतो कसा ते आधी समजून घेतलं. खरं तर हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

चावी फिरवली की पंपातल्या कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळीत, करंट जातो, ती डायफ्रॅमला, म्हणजे लवचिक पडद्याला, आपल्याकडे ओढते, आणि त्या ओढीनं टाकीतलं पेट्रोल पंपात येतं. ओढ पूर्ण झाली की पॉइंट उघडतात, करंट तुटतो. आता आतली स्प्रिंग डायफ्रॅमला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे कार्ब्युरेटरकडे जातं. ढकलणं संपलं की पॉइंट पुन्हा जुळतात. झाली एक टिक. कार्ब्युरेटरचे फ्लोट चेंबर, म्हणजे पेट्रोल साठवायच्या वाट्या, भरले की त्यांच्या सुया बंद होतात, पेट्रोलला पुढे जागा उरत नाही, स्प्रिंग ढकलता ढकलता अडून राहते. पॉइंट उघडे, करंट बंद, पाल गप्प.

म्हणजे ओढायचं काम विजेचं आणि ढकलायचं स्प्रिंगचं. हे कळलं तसा त्या टिकटिकीला अर्थ आला. पाच ठोके आणि शांतता, म्हणजे सगळं ठीक. इंजिन बंद असताना सारखी भरभर टिकटिक, म्हणजे टाकी रिकामी, किंवा टाकीकडच्या बाजूनं पंप हवा ओढतोय, किंवा फ्लोटची सुई अडकून पेट्रोल बाहेर सांडतंय. पण गप्प बसण्याचे दोन प्रकार आहेत. पुढची वाट बंद असेल तर पंप पॉइंट उघडे ठेवून गप्प बसतो, थंडगार. मागची वाट, म्हणजे टाकीकडून येणारी, तुंबली तर कॉइल ओढत राहते, ओढ पुरी होत नाही, पॉइंट उघडतच नाहीत. तेव्हाही पंप गप्पच. पण आतून करंट वाहत असतो. कॉइल तापते आणि पॉइंट जळतात.

पॉइंट जळतात!

मी पॉलिश पेपरनं घासत होतो तो रोग नव्हताच, रोगाचा डाग होता. दुसऱ्याच दिवशी मुद्दाम घाट चढलो, गाडी बंद पडू दिली आणि टॉमी न मारता पंपाला हात लावला. चटका बसला.

तर दोष टाकी आणि पंपाच्या मध्ये. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, कारण झाकणातून हवा आत गेली नाही तर टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढवत नाही. तसं असतं तर उघडताना 'फुस्स' झालं असतं. झालं नाही. टाकीकडून येणारा हातभर रबरी पाइप काढून मामांकडे नेला, त्यांनी पंपाकडच्या टोकातून कॉम्प्रेसरची हवा मारली. हवा सुसाट पलीकडे. "पाइप क्लीन हाय," मामांनी शिक्का मारला आणि त्याच दमात सुचवलं, "जुना पंप फेका. आठशेच्या टाकीतला घाला, इंजेक्शनवाल्या मारुतीचा."

मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण इंजेक्शनच्या गाडीचा पंप साधारण तीन बारचा दाब देतो. एसयू कार्ब्युरेटरला लागतो त्याच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास. फ्लोटची सुई एवढ्याशा टोकावर बसलेली असते, ती तो दाब काय रोखणार? पेट्रोल सरळ तापलेल्या एक्झॉस्टवर. शिवाय बाजारातले बहुतेक नवे पंप ऋण अर्थिंगसाठी बनवलेले, आणि माझी गाडी उलटी.

रविवारी अंगणात चाचणी घेतली. वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर जवळ, मुलं माडीवर. इग्निशन कॉइलची वायर आधी काढून ठेवली, नाहीतर इंजिन न फिरवता चावी लावून ठेवली की तीही तापते. कार्ब्युरेटरकडची नळी सोडून दुधाच्या जुन्या किटलीत घातली. चावी फिरवली. आधी जोरदार धार, मग बारीक, मग थेंब, मग शांतता. पंप गरम व्हायच्या आत चावी बंद. आता टाकी आणि तो रबरी पाइप दोन्ही बाजूला ठेवून पंपाला नव्या पाइपनं थेट पेट्रोलच्या कॅनमधून पाजलं. अर्धा लिटर मिनिटभराच्या आत किटलीत! किटली रिकामी करून पुन्हा, आणि मग पुन्हा. पालीला दम म्हणून लागला नाही.

जुना पाइप ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून काळा तुकतुकीत, आतून अस्तर सुटलेलं. एका ठिकाणी त्याची बोटाच्या पेराएवढी जीभ झाली होती. मामांनी उलट दिशेनं हवा मारली तेव्हा ती भिंतीला चिकटली आणि वाट मोकळी दिसली. पेट्रोल सुलट यायला लागलं की ती उठून आडवी व्हायची. पोवई नाक्यावर फिरताना इंजिन एवढं पीत नाही, म्हणून गावात सगळं सुरळीत. घाटात दुसऱ्या गिअरला पाय दाबला की ओढा वाढायचा आणि जीभ दार लावायची. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा खाली पडायची. टॉमीच्या टिचकीनंही बहुधा तीच हलत होती, आणि श्रेय जात होतं पॉइंटना.

हा पाइप सहा वर्षांपूर्वी मीच एका दुकानातून फुटावर मोजून घेतला होता, 'पेट्रोल पाइप' म्हणून. तेव्हाच्या पेट्रोलला तो चालला असेल. पण इथेनॉलला साधं रबर झेपत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, सुटतं. आणि आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. २०३०चं उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५वर आणलं गेलं. ते इथेनॉल येतं कुठून? बरंचसं आमच्याच उसातून, मळीतून नाहीतर थेट रसातून. कोरेगाव तालुक्यात आमचाही दीड एकर ऊस आहे. कारखान्याला घालायचा, बिलाची वाट बघायची, आणि त्याच उसानं माझ्या गाडीचा नळ आतून सोलायचा. तक्रार तरी कुणाकडे करू?

नवा पाइप पुण्याहून मागवला, आत फ्लुओरो रबराचं अस्तर असलेला, अंगावर 'एसएई जे-३० आर-९' छापलेला. साध्या पाइपच्या कितीतरी पट महाग, पण लागतो हातभरच. कार्ब्युरेटरकडचे तुकडेही बदलले. पॉइंटचा नवा संच घातला, कारण जुने आता खरोखरच संपले होते.

दुसऱ्या दिवशी मामांना शेजारी बसवून घाट चढलो. नेहमीच्या वळणावर दोघेही बोलायचे थांबलो. वर यवतेश्वरला देवळाजवळ गाडी बंद केली, थोडं थांबून पुन्हा चावी फिरवली. पाच ठोके, शांत. मामांनी उगाच टॉमी हातात धरली होती, ती खाली ठेवली. परत आल्यावर म्हणाले, "त्यो पाइप उरलाय का फूटभर? माझ्या पद्मिनीला बगावं म्हणतो."

चिरलेला जुना पाइप त्यांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलाय. मांडीला हात पुसत ते गिऱ्हाइकाला दाखवतात आणि सांगतात, "ह्यो मीच हुडकला."