लेव्हल कोणाची वाढली?

परवा दुपारी ‘डार्क सोल्स’ हा व्हिडिओ गेम खेळताना पुढची वाट मोकळी असूनही मी मागे वळले. त्यातल्या फायरलिंक श्राइन या ठिकाणच्या पडक्या भिंतींवर एका प्रचंड कावळ्याचे घरटे आहे. त्यात अंग दुमडून पडून राहिले, की तो आपल्याला उचलतो आणि जिथे खेळाचा आरंभ झाला होता, त्या डोंगरातल्या तुरुंगात नेऊन सोडतो. तिथे उचलण्यासारख्या काही वस्तू आहेत हे खरे, पण मी त्यांच्यासाठी गेले नव्हते. एक मरतुकडा सैनिक नेहमीसारखा झोकांड्या खात धावून आला, तेव्हा मी ढाल पुढे धरली आणि त्याला हवे तितके घाव घालू दिले. ढाल वाजत राहिली, माझे काही विशेष बिघडले नाही, आणि मला फार बरे वाटले.

या बऱ्या वाटण्यात थोडा दुष्टपणा आहे, हे मला मान्य आहे. पण खेळ सुरू होतो तेव्हा आपल्या हातात तलवारीची नुसती मोडकी मूठ असते, त्या मुठीनिशी याच तुरुंगातल्या धिप्पाड राक्षसासमोर उभे राहावे लागते, आणि त्या क्षणी शहाणपण एवढेच असते, की डाव्या बाजूचे उघडे दार पाहावे आणि पळ काढावा. तो तुरुंग होता तिथेच आणि होता तेवढाच राहिला, म्हणून तर आपण कुठून कुठे आलो ते कळते. उंची मोजायची भिंतीवरची खूणच दरवर्षी वर सरकू लागली, तर मुलाने वाढायचे तरी कशासाठी? 2006 मध्ये आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’वर माझा जुना राग आहे तो यासाठीच. त्यातले बरेचसे शत्रू खेळाडूच्या लेव्हलबरोबर, म्हणजे त्याच्या वाढत्या बळाच्या आकड्याबरोबर, आपापली ताकद वाढवत नेत, आणि खेळ बराच पुढे गेला, की वाटेवरचा लुटारू हजारो मोहरांचे काचेचे चिलखत अंगावर घालून आपल्याकडे जेमतेम शंभर मोहरा मागत असे. ते चिलखत विकून त्याने घरी बसावे, असे मला दर वेळी वाटे. बाकी तो खेळ सुंदरच आहे, पण त्यात मी कधी मोठी झाले नाही.

तुरुंगात एक मनुष्य मात्र बदललेला भेटतो. आरंभी ज्या सरदाराने आपल्या कोठडीत किल्ली टाकलेली असते आणि मरता मरता स्वतःचे औषधाचे पात्र आपल्या हाती दिलेले असते, तोच आता भान हरपून तलवार उपसून अंगावर येतो. त्याच्यासमोर ढाल धरून मजा पाहत उभे राहणे मला जमले नाही. मी ते लवकर संपवले.

तर वाढण्याबद्दल. आकडे वाढण्याचे सुख या खेळांच्या आधीपासूनचे आहे. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये 1974 पासून ते मिळतच होते. अॅक्शन आरपीजीने, म्हणजे पात्र वाढवत न्यायचे पण लढायचे मात्र स्वतःच्या हाताने अशा व्हिडिओ गेमने, त्यात हाताला सामील करून घेतले. 1987 च्या ‘ईस’मध्ये तर वार करण्याचे बटणसुद्धा नव्हते, शत्रूवर सरळ जाऊन आदळायचे. समोरासमोर आदळले तर आपल्यालाही मार बसे, आणि जरा बाजूला सरकून आदळले तर बहुधा फक्त त्याला. लेव्हल सगळ्या मिळून दहा. तेवढ्या आकड्यांवर कोणाचे कितीसे भागणार? खरी वाढ व्हायची ती ते अर्धे पाऊल बाजूला सरकण्यात, आणि तिची नोंद पडद्यावर कुठेही होत नसे.

‘डायाब्लो’सुद्धा मुळात आळीपाळीने चाली करण्याचा खेळ होणार होता. शत्रू आपली चाल खेळेपर्यंत थांबायचे, मग आपण खेळायचे, अशी त्याची रचना होती. पुढे तो घडवणारे डेव्हिड ब्रेव्हिक यांनी एका दुपारी बसून ती रचना मोडली आणि सगळे एकाच वेळी हलू लागले. सांगाड्यावर क्लिक करताच आपला योद्धा चालत गेला आणि त्याने सांगाडा फोडला, ही आठवण ब्रेव्हिक स्वतः सांगतात. इतक्या मोठ्या सुखाला एक दुपार पुरली, याचे मला नेहमी नवल वाटते.

त्या सुखातला माझा वाटा अगदी लहानपणी ठरला होता. माउस दादाकडे, आणि माझ्याकडे 1 ते 8 या आकड्यांच्या कळा. योद्ध्याच्या कमरपट्ट्यात औषधाच्या आठ बाटल्या मावत, दादाने ‘लाल!’ असे म्हणताच मी कळ दाबायची. जमिनीखालच्या दुसऱ्या मजल्यावर एक दार उघडले, की आतून रक्ताने माखलेला खाटीक सुरा घेऊन धावत येई. दादा त्या दाराशी आला, की मी आठही बोटे कळांवर टेकवून श्वास रोखून बसायची. तो हातघाईवर येई, मी बाटल्या संपवी, आणि खाटीक पडल्यावर दादा ‘मी मारला’ असे म्हणत असे. मी काही बोलत नसे, कारण तेवढ्यात फरशीवर अंगठी पडल्याचा किणकिण आवाज आला, तर तो सर्वांत आधी ऐकण्याचे कामही माझ्याकडेच होते. निळ्या नावाची वस्तू मिळाली, की ती काय आहे हे कळण्यासाठी वर गावात जाऊन म्हाताऱ्या केनला शंभर मोहरा द्याव्या लागत. पायऱ्या चढून त्याच्यापर्यंत जाण्याचा तो वेळ मला वस्तूपेक्षाही अधिक आवडे. वस्तू बहुतेक वेळा टाकाऊच निघे.

‘डार्क सोल्स’मध्ये हा आकड्यांचा आणि हाताचा हिशेब इतका गुंतलेला आहे, की तो सोडवता येत नाही. अंगावरचे ओझे आपल्या क्षमतेच्या चौथ्या हिश्शाच्या आत असेल, तर कोलांटी चपळ पडते. त्याहून वाढले की ती जडावते, आणि निम्म्याच्या पुढे गेले की आपण धप्पकन आडवे होतो. कोलांटी घेताना काही निमिषे कोणतेही शस्त्र लागत नाही, ती निमिषे साधायची हाताने. पण ती मिळवायची चिलखत उतरवून किंवा एन्ड्युरन्सचा, म्हणजे दमाचा, आकडा वाढवून. मग एखादा बॉस, म्हणजे वाट अडवणारा मोठा शत्रू, पडतो, तेव्हा त्याला मी मारले, की मेनूतल्या त्या आकड्याने? मला हे खरोखर सांगता येत नाही, आणि ते सांगता येत नाही तोपर्यंतच मला खेळावेसे वाटते. नुसते आकडे वाढू लागले, की मला झोप येते. नुसता हाताचाच कस लागला, तर दोन पराभवांत मी उठते. दादा मात्र अजूनही ‘मी मारला’ असेच म्हणतो.

खेळ संपल्यावर तीच हत्यारे, तीच लेव्हल घेऊन अधिक बळकट शत्रूंशी पुन्हा लढण्याची सोय असते. ती मी कधी घेत नाही. मी नवे पात्र करते, त्याच्या नाकाची उंची, गालफडे, कपाळ यांवर बराच वेळ घालवते, आणि पहिले बरे शिरस्त्राण सापडताच तो सगळा चेहरा खेळ संपेपर्यंत झाकला जातो. आत्ताही एक अर्धवट झाले आहे. भुवया अंमळ जाड वाटतात. तेवढ्या नीट करून घेते.