आईवर गेलेत

बुधवार, दुपार. मंगळागौरीच्या जागरणाने डोळे चुरचुरतायत, तरी झोप नाही. बाहेर पाऊस नुसता झिरपतोय. बडोद्याचा श्रावण, धड पडत नाही, धड थांबत नाही.

काल मी एकच शब्द बोलले. "हो." तो काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

झालं एवढंच. दांडिया बाजारच्या घरी मंगळागौर. झिम्मा, फुगड्या, पिंगा, सगळं यथासांग. पिंग्याला मला ओढायला आल्या तर मी "कंबर" म्हणाले. (कंबर ठणठणीत आहे. दुखणं त्याच्या बरंच वर होतं.) काकू देवघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाकले. एरवी काकूंचा आशीर्वाद म्हणजे हवेतल्या हवेत हात. काल हात चांगला टेकला, तिथून मागे सरकला, मानेपर्यंत आला आणि शेपट्यावरून खाली उतरला. मी श्वास धरून. बोटांना काय लागलं असेल ते मला पक्कं माहीत आहे, मी रोज रात्री चाचपते ना. आडव्या उंचवट्यांच्या ओळी, गोधडीच्या टाक्यांसारख्या.

"केस अगदी आईवर गेलेत गं तुझे."

"हो."

पदर सावरत, वर हसूनसुद्धा म्हटलं असेन.

काय काय म्हणता आलं असतं! नुसतं हसता आलं असतं. हसण्याला खोटं कोणी म्हणत नाही. "कसले काय काकू, वय झालं" हेही चाललं असतं. "विकतचे आहेत, पाच आठवडे झाले" असं सरळ सांगता आलं असतं, आणि मग गौरीला सोडून सगळ्या माझ्याभोवती जमल्या असत्या, तेही खरं. पण "हो" कशाला? कोणी विचारलंही नव्हतं. काकूंनी प्रश्न केलाच नव्हता, आणि मी उत्तर दिलं.

ह्यांना सकाळी चहाबरोबर सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "मग काय, बिल दाखवायचं होतं?" ह्यांना काय. स्वतःचे गेले तेव्हा कंगवा चिरंजीवांना देऊन टाकला, संपला विषय.

ऑपरेशनबद्दल लिहीत नाही, मागे लिहून झालंय. पण केस तेव्हा गेले नाहीत, याचा मला अजून राग आहे. सगळं आटोपलं, टाके विरघळले, लोक "चेहऱ्यावर तेज आलंय हं" म्हणायला लागले, आणि बरोबर तिसऱ्या महिन्यात न्हाणीघराच्या जाळीवर काळं मांजर बसल्यासारखा पुंजका. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, शरीराला मोठा धक्का बसला की पुष्कळसे केस एकदमच वाढ थांबवून विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत असतात, येतील परत. थायरॉइड ठीक, लोह कमी, त्याच्या गोळ्या. "आणि थांबा." थांबा! केस महिन्याला वाढणार जेमतेम सेंटिमीटरभर. म्हणजे फूटभर यायला दोन-अडीच वर्षं. पुतण्याचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. हळदीच्या दिवशी टाळू उन्हात चमकणार, आणि व्याह्यांकडच्या बायका मानेने एकमेकींना खुणावणार.

म्हणून वीव्ह, म्हणजे विकतचे केस आपल्या पेडांवर शिवून घेणं. पहिल्या ठिकाणी ज्या बाईंनी केलं त्यांनी पेड इतके आवळले की माझ्या भुवया वर गेल्या. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मी चकित झालेली दिसते. "दोन दिवस दुखेल, मग बसेल," म्हणाल्या. दुखण्याची गोळी घेऊन दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी कानशिलावर, केस सुरू होतात त्या कडेने, बारीक पुटकुळ्यांची रांग. लेकीला कौतुकाने व्हिडिओ कॉल केला, तर तिच्या रूममेटने तिच्या हातातून फोनच घेतला. ती मुलगी लागोसची. आपल्याकडे लोणचं जसं आजीकडून आईकडे जातं, तसं त्यांच्या घरात हे चालतं. तिने मला कानशील कॅमेऱ्याजवळ आणायला लावलं आणि म्हणाली, लग्न झालं ना, आजच्या आज उसवून टाका.

दुखतंय म्हणजे चुकतंय, हा तिचा पहिला नियम. केस सतत ओढला जात राहिला की मूळ कमजोर होतं. वेळेवर ओढ थांबवली तर परत उगवतात; वर्षानुवर्षं तसंच चालू ठेवलं तर मुळाजागी व्रण धरतो, मग तिथे काहीच येत नाही. तिच्या एका आत्याची कानशिलं तशी झालीत, म्हणाली, तळहातासारखी गुळगुळीत. दुसरा नियम, सहा ते आठ आठवड्यांच्या वर ठेवायचं नाही, कितीही छान दिसत असलं तरी. आणि उतरवलं की लगेच दुसरं लावायचं नाही. तिसरा तिने हसत सांगितला: वरच्या केसांचे लाड कमी, आतल्यांचे जास्त. लोक उलटं करतात.

तर उसवलं. तीन महिने डोक्याला मोकळं सोडलं, ओढण्या गुंडाळून हिंडले. मग अलकापुरीतली ही दुसरी मुलगी सापडली. आधी बोटांनी टाळू दाबून पाहिली, कुठे विरळ आहे तिथे पेड घालायचाच नाही म्हणाली, आणि पहिली बट हातात घेतल्यावर, "दुखे तो कहेजो, आंटी." एवढं वाक्य ऐकून मला भरून आलं. का ते राहू दे.

बघण्यासारखं असतं ते. आधी आपलेच केस टाळूला चिकटून बारीक पेडांत, मक्याच्या शेतातल्या सऱ्यांसारखे, कानापासून कानापर्यंत. मग केसांची झालर: वर पट्टीवर शिवलेली, खाली मोकळी. वाकडी सुई, जाड काळा दोरा. सुई पेडाखालून जाते, झालरीच्या पट्टीतून वर येते, दोरा सर्र करून ओढला जातो आणि तो आवाज आपल्याला कवटीच्या आतून ऐकू येतो. कातडीला सुई लागत नाही, सगळा भार पेडावर. वरचा एक थर आपला मोकळा ठेवतात, तो झालरीवर पडतो आणि शिवण झाकतो. म्हणजे लोकांना दिसणारा भांग माझाच आहे बरं का. भांगापुरतं "हो" खरं धरायला हरकत नाही.

(असा वकिली विचार सकाळपासून चाललाय.)

आणि निगा! बाळंतिणीची नसेल एवढी. आठवड्याला एकदा शांपू पाण्यात पातळ करून, टोकदार तोंडाच्या बाटलीने ओळींमधल्या टाळूवर सोडायचा, बोटांच्या पेरांनी हलकं चोळायचं, खसाखसा नाही. तेल टाळूला दोन थेंब. आपल्या पद्धतीने चंपी केली तर पेड सैल होऊन शिवण घसरते. विंचरायचं टोकाकडून वर. आणि वाळवणं, वाळवणं, वाळवणं. आतले पेड दमट राहिले की खाज, वास, बुरशी, आणि श्रावणात टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही. ड्रायर थंड हवेवर ठेवून मी तास-तास पंख्याखाली बसते. रात्री डोक्याला रेशमी कापड, म्हणजे सुती उशीवर केस घासून तुटत नाहीत. ते कापड आईच्या जुन्या इरकलीच्या पदराचं आहे. कापलं तेव्हा हात थरथरला होता. असो.

मागच्या वेळी या मुलीने उसवलं तेव्हा पेडांतून मूठभर केस निघाले. मी रडायच्या बेतात. ती शांतपणे म्हणाली, आंटी, रोज माणसाचे पन्नास ते शंभर केस गळतातच. एरवी कंगव्यात, जाळीवर जातात. सहा आठवडे हे पेडात अडकून बसले होते, जाणार कुठे? मी मनात गुणाकार केला: बेचाळीस दिवस, दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत. मग जरा बरं वाटलं. जे रोज गमावतो ते एकदम हातात मिळालं की केवढं वाटतं.

पण मी काकूंकडे येत होते. "हो."

मला त्यात बोचतंय ते "विकतचे" हे नाहीच, असं आत्ता लिहिता लिहिता कळतंय. दात विकतचे आहेत, त्यांचं काही वाटत नाही. बोचतंय ते आईचं नाव. आईचे केस म्हणजे आमच्या घरातली दंतकथा. राजवाड्याच्या आवारातल्या फतेहसिंग संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं बघायला गेलो की मावशी प्रत्येक केसाळ बाईसमोर थांबून, "ही बघ, तुझी आई." आणि मी त्या अंबाड्यावर हक्क सांगितला, कोणा परक्या बाईच्या केसांच्या जोरावर. कोण असेल ती? तिरुमलेला कल्याणकट्ट्यावर, मुंडणाच्या जागी बसून, डोकं पुढे करून, काहीतरी मागून किंवा मिळाल्याचं फेडून उठली असेल. केस लांबीप्रमाणे निवडून देवस्थान त्यांचा लिलाव करतं. मुळापासून एकदम उतरलेले, म्हणून सगळ्या केसांचे खवले एकाच दिशेने. गुंतत नाहीत, म्हणून महाग. तिने देवाला दिले, मी हप्त्याने घेतले. काकूंनी आशीर्वाद दिला तो हात तिच्या केसांवरून फिरला. तिचं काम झालं असेल का?

इथवर लिहून उठले, भात लावला, आणि धाकटीला फोन केला. पुण्यात तीही मंगळागौरीहून जागून आलेली. सगळं सांगितलं. पलीकडे शांतता. मग फस्सकन हसणं.

"अगं, आईचे केस कुठले? गंगावन!"

मला माहीत नव्हतं असं नाही. तेच तर. अंबाड्यात घालायचं ते केसांचं शेपूट रविवारी दाराच्या मागच्या खिळ्याला लटकलेलं असायचं, रिठ्याने धुतलेलं, टोकाला लाल गोंडा, आणि त्यातून पाणी ठिबकायचं. मी लहानपणी त्याला घाबरायचे. आजी म्हणायची, जुनी गंगावनं वनगाईच्या शेपटीच्या केसांची असत. आईचं मात्र तिच्या स्वतःच्या गुंतवळीचं: कंगव्यातले केस बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यातल्या डब्यात, वर्षानुवर्षं. सुयापोतवाली गल्लीत ओरडायची, केसांवर सुया देते म्हणून, पण आई तिला कधी द्यायची नाही. मला वाटायचं चिकटपणा. आणि तरीही, इतकं डोळ्यांनी पाहूनही, "आईचे केस" म्हटलं की मला तो भरगच्च अंबाडाच दिसतो, खिळा दिसत नाही.

"आणि ते करून कोणी दिलं?" धाकटी म्हणाली. "काकूंनी. गुंतवळ सोडवून, एकेक केस सरळ करून, वर दोऱ्याने बांधून. तू तेव्हा शाळेत असायचीस, मी तापाने घरी. दुपारभर दोघी तेच करत बसल्या होत्या."

मग मी बराच वेळ काही बोलले नाही.

म्हणजे काकूंची बोटं. मानेपर्यंत गेली ती. एक्याऐंशी वर्षांची आहेत, आता सुईत दोरा ओवता येत नाही त्यांना. काही कळलंही नसेल. किंवा पहिल्याच ओळीला कळलं असेल. "आईवर गेलेत" म्हणताना चेहरा कसा होता ते आठवायचा केव्हाची प्रयत्न करतेय, पण मी खाली, त्यांच्या पायांकडे बघत होते. जोडव्यांत सुपारीएवढी हळद अडकलेली, तेवढं आठवतंय.

धाकटी विचारत होती, गंगावन तिच्याकडेच आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं, पाठवू का. म्हटलं, काळंभोर आहे ते, माझ्या आता मेंदी लावलेल्या केसांत कावळा बसल्यासारखं दिसेल. ती म्हणाली, आईच्याही शेवटी शेवटी तसंच दिसायचं की. हो. हे "हो" मात्र खरं.

चारला काकूंचाच फोन. घाबरून उचलला. शुक्रवारी सवाष्ण म्हणून जेवायला ये म्हणाल्या. पुरण आहे. "आणि डोक्यावरून न्हाऊन ये गं, आपल्याकडे लागतं."

डोक्यावरून न्हायचं, तर आदल्या रात्री नाही चालणार, ओल्या पेडांनी झोपायचं नाही. पहाटे न्हायचं, तर ड्रायरखाली तासभर, या हवेत दोन तास, आणि वीज गेली तर झालंच. पाट तर साडेअकराला मांडतील. उलटसुलट हिशेब करून पाहिला. मग अलकापुरीला फोन लावला. अजून आठवडा बाकी आहे, तिला वाटलं दुखतंय. नाही म्हटलं, दुखत नाही. उद्या चारची वेळ मिळाली. उसवायला दीड तास लागतो.